आर्चीची खुर्ची आणि ओसरीवरची बाज

वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयाने १९७८ सालापासून एक साधी, वापरून विटलेली खुर्ची जतन केली आहे. १२ जानेवारी १९७१ रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ या विनोदी मालिकेतील बाप, आर्ची बंकर, याच खुर्चीत बसून घरादारावर डाफरत असे. तिच्यात दुसरे कोणी बसलेले त्याला खपत नसे.

निर्माते नॉर्मन लिअर यांनी ही मालिका एका ब्रिटिश मालिकेवरून बेतली खरी, परंतु आर्चीमध्ये त्यांनी स्वतःच्या वडिलांनाही उतरवले होते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला हा कामगार आर्ची पत्नी ईडिथला बोलता बोलता गप्प करी, जावई माइकला मठ्ठ म्हणे आणि परक्या वंशाच्या, परक्या धर्माच्या माणसांविषयी वाटेल ते बरळे. त्याचे ते बोलणे समर्थनीय नव्हतेच. मालिकेनेही ते कधी योग्य ठरवले नाही. तरीही अभिनेते कॅरल ओ’कॉनर यांनी साकारलेला आर्ची प्रेक्षकांना आपल्या घरातला वाटला, आणि सलग ५ हंगाम ही मालिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिली.

१९७८ सालच्या एका भागात आर्ची आणि माइक रात्री आर्चीच्या बारच्या कोठीत अडकून पडतात. दारूच्या अमलाखाली आर्ची लहानपणाविषयी बोलू लागतो. मंदीच्या काळात घरात इतके दारिद्र्य होते की एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात वेगळेच पादत्राण घालून तो शाळेत जाई, आणि पोरे त्यावरून त्याला चिडवत. वडील त्याला मारत, कोंडून ठेवत. पण ज्या हाताने आपल्याला पोसले तो हात चुकीचा कसा असेल, हे त्याला अखेरपर्यंत उमगत नाही. माझ्या मते संपूर्ण मालिकेतला हा सर्वांत मोलाचा प्रसंग आहे.

अंबाजोगाईकडच्या आमच्या घरी ओसरीवर अण्णांची बाज असे. तिच्यावर कोणी टेकले, किंवा ताटात भाकरीचा कोर राहिला, की अण्णांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. आम्ही भावंडे त्यांना तापट म्हणून मोकळे झालो होतो. आर्चीचा तो प्रसंग पाहिल्यानंतर गावी गेलो, तेव्हा मी पहिल्यांदाच त्यांना १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारले. दुष्काळी कामावर खडी फोडताना हाताला आलेले फोड, रांगेत उभे राहून मिळालेली सुकडी आणि अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी, एवढे त्यांनी थांबत थांबत सांगितले. मिलोची भाकरी लालसर होई, घशाखाली उतरत नसे, पण धाकट्या भावाने टाकलेला तुकडाही आपण उचलून खाल्ला होता, असे म्हणून ते बाजेवर थोडे सरकले आणि मला बसायला जागा करून दिली.