पाणी येणारच : अंगणातल्या प्लग पॉइंटची गोष्ट

(दृश्य : बाहेरच्या भिंतीवर उन्हाने पांढरट पडलेला प्लास्टिकचा बोर्ड. मेन स्विच बंद आहे. स्क्रू-ड्रायव्हरने झाकण उघडलं जातं.)

बाहेरून बघितलं तर या बोर्डात काही खोट दिसत नाही. झाकण आहे, स्विच खटकन लागतो, काल-परवापर्यंत यावर पंप चालत होता. आता आत बघा. तळाशी पाणी साचलंय. तांब्याच्या टोकांवर हिरवा थर चढलाय. न्यूट्रलच्या स्क्रूभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलंय, जळल्यासारखं. कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलंय, आणि फेज-अर्थच्या मधोमध एक वाळून गेलेली पाल.

हे झाकण तुटलेलं नाही. बसवणाऱ्याने रबराचं पॅकिंगही नीट लावलं होतं. मग पाणी आलं कुठून?

दिवसभर ऊन खाऊन डबी तापते. आतली हवा फुगते आणि मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. संध्याकाळी सर आली की डबी पटकन गार होते, आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. झाकणाच्या कडेला पाण्याचा थेंब असेल, तर तोही आत जातो. हे रोज घडतं, वर्षानुवर्षं. म्हणून अंगणात प्लग पॉइंट घेताना पाणी आत येऊच द्यायचं नाही, एवढ्या एका हट्टावर काम करू नका. पाणी येणार असं धरून चाला. मग पुढचा प्रत्येक निर्णय सोपा होतो : आलेलं पाणी बाहेर कसं जाईल, आणि ते विजेपर्यंत पोचलंच तर माणूस कसा वाचेल.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण जीव त्यावर अवलंबून आहे.

(दृश्य : ओल्या मातीत अनवाणी पाय. हातात पाण्याचा पाइप.)

घरात आपण कोरड्या फरशीवर, बहुतेक वेळा पायात काहीतरी घालून उभे असतो. अंगणात पाय ओल्या मातीवर असतात, हात ओले असतात. कोरडी कातडी विजेला बराच अडसर करते. ती भिजली की शरीराचा रोध साधारण १,००० ओहमपर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. २३० व्होल्टला भागिले १,००० : म्हणजे ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. साधारण १० मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. त्याच्या काही पटींत, सेकंदभर करंट छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. २३० हा आकडा या सगळ्याच्या कितीतरी पुढे आहे.

आता एमसीबीकडे बघा, म्हणजे लोड जादा झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचकडे. ती १६ अँपिअरची आहे. जुना ६० वॅटचा दिवा सुमारे ०.२६ अँपिअर घेतो, म्हणजे शॉक बसलेल्या माणसातून जाणारा करंट त्या एका दिव्याइतकाही नाही. दिवा लागलाय की माणूस चिकटलाय, हे एमसीबीला कळायचं कसं? ते तिचं कामच नाही. ती वायर जळू नये म्हणून आहे. एमसीबी आहे म्हणजे सुरक्षित आहोत, हा समज मला फार घातक वाटतो, आणि तो चांगल्या शिकलेल्या घरांतही आढळतो.

माणसासाठी असते ती आरसीसीबी.

(दृश्य : उघडलेल्या डीबीत, म्हणजे घरभर लाइन वाटणाऱ्या मुख्य बोर्डात, आरसीसीबी. तिच्यावर ‘३० एमए’ आणि ‘टी’ लिहिलेलं बटण जवळून.)

हिच्या आत एक चुंबकीय कडं असतं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला, तर कडं शांत. थोडा जरी वाटेत कुठे जमिनीत गळला, कुणाच्या अंगातून गेला, तर दोन्हींत फरक पडतो, आणि तो फरक ठरलेल्या मर्यादेला पोचला की आरसीसीबी लाइन तोडते. घरगुती सॉकेटसाठी ही मर्यादा ३० मिलिअँपिअर. एवढ्याच गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत ट्रिप व्हावं, आणि पाचपट म्हणजे १५० मिलिअँपिअरला ४० मिलिसेकंदांच्या आत, अशी तिच्याकडून अपेक्षा असते. हृदयाचा एक ठोका साधारण ८०० मिलिसेकंदांचा. मघाच्या २३० मिलिअँपिअरचा झटका बसेल, जोरात बसेल, पण एका ठोक्याच्या अंशात लाइन गेलेली असेल.

अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी माणसाच्या हातून वायर किती करंटला सुटत नाही, याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६१ साली याच तत्त्वावरचं, फक्त ५ मिलिअँपिअरच्या आसपास तुटणारं उपकरण सिद्ध केलं. १९७३ साली तिथल्या वीज-नियमांनी घराबाहेरच्या सॉकेटना ते सक्तीचं केलं. बाथरूमचा नंबर त्यानंतर लागला. अंगण आधी.

आरसीसीबीच्या दोन मर्यादाही माहीत असू द्या. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तर गेलेला करंट पुरेपूर परत येतो, तिला काहीच कळत नाही. आणि साधी आरसीसीबी जादा लोडवर तुटत नाही, म्हणून सोबत एमसीबी लागतेच. दोन्ही एकाच डबीत हवं असेल तर आरसीबीओ घ्या. अंगणाच्या लाइनला तो स्वतंत्र द्यावा असं मी आग्रहाने सांगेन. बाहेर ओल लागून तो तुटला तर घरातला फ्रिज आणि दिवे चालू राहतात. नाहीतर मध्यरात्री सगळं घर अंधारात जातं, कुणीतरी वैतागून आरसीसीबीला बायपास करतं, आणि ती वायर तशीच राहून जाते.

आता अर्थिंग. “आरसीसीबी आहे ना, मग अर्थिंगची काय गरज?” हा प्रश्न वायरमनच्या तोंडूनही ऐकू येतो. पंपाच्या आत फेज सुटून बॉडीला लागला, असं समजा. अर्थिंग धड असेल तर त्याच क्षणी करंट अर्थच्या वायरीने निघतो आणि लाइन तुटते, जवळपास कुणी नसतानाच. अर्थिंग नसेल तर करंटला जायला वाटच नाही. पंप फेज अंगावर घेऊन शांत बसून राहतो. वाट मिळते ती कुणीतरी हात लावल्यावर, त्याच्या अंगातून. आरसीसीबी तेव्हाही तुटेल. पण तपासणीसाठी माणूस वापरला गेलेला असेल.

(दृश्य : दिवसाची वेळ. खडूने भिंतीवर खूण केली जाते.)

जागा निवडताना एकदा पाऊस पडत असताना बाहेर उभं राहून बघा. पागोळ्या कुठे पडतात, झड कोणत्या भिंतीला लागते, जमिनीवरून पाणी किती वर उडतं. नळाच्या शेजारी पॉइंट घेण्याचा मोह होतो, कारण पंप तिथेच असतो. तो मोह टाळा. वळचणीखालची, झड न लागणारी भिंत, आणि उंची निदान गुडघ्याच्या वर. अंगणात पाणी तुंबत असेल तर आजवरची सर्वांत वरची खूण शोधा आणि तिच्याहून बरंच वर जा.

डबी विकत घेताना तिच्यावर आयपी आणि दोन आकडे असतात. पहिला धूळ-किड्यांसाठी, दुसरा पाण्यासाठी. दुसरा आकडा ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे, ५ म्हणजे पाइपची धार, ६ म्हणजे जोरदार धार. अंगणासाठी आयपी ५५ किंवा त्याच्या वरचं बघावं. पण दुकानात कुणी न विचारणारा प्रश्न वेगळाच आहे : हा आकडा प्लग लावलेला असतानाही लागू आहे का? बऱ्याच डब्यांचं संरक्षण झाकण बंद असेपर्यंतच असतं. आणि आपण तर पंप तासन् तास लावून ठेवतो. प्लग आत ठेवून झाकण मिटेल, वायर खालच्या खाचेतून बाहेर येईल, अशी खोल झाकणाची डबी घ्या.

(दृश्य : ड्रिल मशीन. भिंतीच्या आतून बाहेर पडणारं भोक, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं.)

कामाला हात घालण्याआधी लाइन बंद. मेन पाडला म्हणजे सगळं बंद झालं, असं धरू नका. घरात इन्व्हर्टर, सोलर किंवा जनरेटर असेल तर मेन पडल्यावरही काही लाइन जिवंत राहते. डीबीला कुलूप लावा, किंवा निदान तिच्यापाशी माणूस बसवा. मग तपासणी. आधी मीटर एखाद्या चालू सॉकेटवर लावून बघा, तो दाखवतोय ना. मग जिथे काम करायचंय तिथे, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. आणि पुन्हा एकदा त्या चालू सॉकेटवर, कारण मीटर मधेच मेला असेल तर “लाइन नाही” हे उत्तर खोटं असतं. लाल दिव्याच्या खिशातल्या टेस्टरवर जीव टांगू नका. वायरीच्या रंगांवरही नाही. जुन्या घरात कोणी कोणता रंग कुठे वापरलाय, देव जाणे.

डीबीतली जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. बऱ्याच ठिकाणी तसा कायदाच आहे. चर खणणं, भोक पाडणं, डबी भिंतीला बसवणं हे ज्याला हात आहे त्याने खुशाल करावं. उरलेलं काम डोळ्यांदेखत करून घ्यावं, आणि त्यासाठी काय बघायचं ते माहीत हवं.

भिंतीतलं भोक आतून बाहेर उतरतं हवं, म्हणजे पाणी घरात ओघळणार नाही. केबल डबीत खालूनच शिरवायची, वरून कधीच नाही. शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा. केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, वर चढून डबीत जात नाही. शिरण्याच्या जागी केबलच्या जाडीला बसणारी ग्लँड, म्हणजे केबलभोवती आवळली जाऊन पाणी अडवणारी नळी. एका ग्लँडमध्ये दोन वायरी कोंबल्या की मधल्या खाचेतून पाणी सरळ आत. डबी आणि भिंतीच्या मधल्या फटीत वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरा, खालची कड मोकळी सोडा. बहुतेक चांगल्या डब्यांना तळाशी पाणी जायला एक पातळ जागा ठेवलेली असते. ती उघडायची की नाही, ते डबीसोबतच्या कागदावर दिलेलं असतं. तो कागद वाचा. बसवताना तीच बाजू खाली आली पाहिजे. डबी उलटी बसवलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

(दृश्य : डबीच्या आत तीन वायरी जवळून. अर्थची वायर इतर दोन्हींपेक्षा लांब ठेवलेली.)

ही अर्थची वायर नीट बघा. ती मुद्दाम लांब ठेवली आहे. उद्या कुणी केबलला हिसका दिला तर फेज आधी सुटेल, अर्थ सर्वांत शेवटी.

स्क्रू घट्ट हवेत, तारेचे केस बाहेर नकोत, बहुतारी वायर असेल तर टोकाला फेरूल, म्हणजे सगळ्या तारा एकत्र धरणारी धातूची छोटी नळी. सुटं किंवा गंजलेलं टोक म्हणजे रोध. समजा तो अर्धाच ओहम आहे आणि १० अँपिअरचा पंप चालतोय : त्या एका स्क्रूवर ५० वॅटची उष्णता, बंद डबीत. सुरुवातीला दिसलेलं तपकिरी प्लास्टिक असंच होतं.

पॉइंट भिंतीपासून दूर, बागेत हवा असेल तर केबल जमिनीखालून जाते. आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली केबल, किंवा जमिनीत गाडण्यासाठीच बनवलेली. साधी वायर पाइपात घातली तरी चालत नाही, कारण पाइपात हवेतली ओल साचून आज ना उद्या पाणी होतंच. खोली तुमच्याकडच्या नियमांत दिलेली असते. साधारण ६०० ते ७५० मिलिमीटर धरा, फावड्याचा घाव पोचू नये एवढी. खाली वाळू, वर वाळू, त्यावर थोडी माती आणि मग इशाऱ्याची पट्टी. जमिनीखाली चिकटपट्टीचा जोड अजिबात नको. चर बुजवण्याआधी त्यात मोजपट्टी ठेवून फोटो काढा.

केबलची जाडी अंतरावर ठरते. २.५ चौरस मिलिमीटर तांबं, ३० मीटर अंतर, १६ अँपिअर लोड : जाण्या-येण्यात सुमारे ७ व्होल्ट कमी होतात. तेवढं चालतं. १.५ ची वायर टाकून वाचवायला गेलात तर ११ व्होल्ट जातात, वायर तापते आणि पंपाची मोटर रडत सुरू होते.

(दृश्य : मेगरच्या काट्याकडे कॅमेरा. मग कागदावर आकडा लिहिणारा हात.)

सगळं बसल्यावर, पण लाइन सोडण्याआधी, मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र, लावायला सांगा. ५०० व्होल्टला इन्सुलेशन निदान १ मेगओहम हवं. नवी केबल शेकड्यांनी दाखवते. नव्या कामात २-३ मेगओहम आले तर नियमात बसलं म्हणून सोडू नका, कुठेतरी इन्सुलेशन सोललंय. अर्थची वायर टोकापासून टोकापर्यंत सलग आहे ना, तेही मोजा. मिळालेला आकडा तारखेसह डीबीच्या दारात आतून चिकटवा. पुढच्या वर्षी तोच आकडा किती उतरला, यावरून केबलची तब्येत कळते.

आरसीसीबीचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा. ती लगेच पडली पाहिजे. हे बटण फक्त आरसीसीबीचं यंत्र तपासतं. अर्थिंग तुटलेलं असलं तरी ती पडतेच, तेव्हा अर्थिंगची तपासणी वेगळी.

आणि पहिल्या पावसात ती पडली, तर अंगणातले सगळे प्लग काढा आणि एकदा वर करा. राहिली, तर दोष पंपात किंवा त्याच्या वायरीत. एकेक लावून बघा, पायात रबरी चपला घालून, कोरड्या हाताने. प्लग काढूनही पडली, तर डबीत किंवा केबलमध्ये ओल आहे. पुन्हा पुन्हा वर करू नका. अंगणाची एमसीबी (किंवा आरसीबीओ) पाडून ठेवा, आणि वायरमन मेगर घेऊन येईपर्यंत ती तशीच राहू द्या.