लेबलावरचा माणूस

पत्रिकेत माझा विषय ‘श्रीमंत देश, गरीब देश आणि कीटकनाशके’ असा छापलाय. तिथे पोहोचूच, पण गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातून जाऊ.

आमच्याकडे एक जण रोजावर फवारणी करतो. पाठीवर पंप, डोक्याला टॉवेल, पाय अनवाणी. मार्चात मिरचीच्या वाफ्यात मी त्याला थांबवला आणि बाटलीवरचं लेबल वाचून दाखवू लागलो. निवृत्त झालो तरी मास्तरकी सुटत नाही! अक्षर इतकं बारीक की बाटली नाकाशी धरावी लागली. हातमोजे घाला, मास्क लावा, गॉगल, गमबूट, अंगभर कपडे. त्यानं निमूट ऐकलं आणि म्हणाला, “मास्तर, हे सगळं चढवून या उन्हात उभा राहिलो तर किडीच्या आधी मीच जाईन.”

हसलात? मीही हसलो. पण त्याचं चुकलं कुठे? ते लेबल ज्याच्यासाठी लिहिलंय तो माणूस बंद केबिनच्या ट्रॅक्टरवर बसतो. औषध किती घालायचं, मी विचारलं. “एक झाकण.” कोणी सांगितलं? दुकानदारानं. कुठल्या बाटलीचं झाकण, ते विचारायचं नाही. बाटलीवर त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हा आवर्जून लाल मागायचा. लाल म्हणजे पॉवरबाज!

२०१८ साली मासळीत फॉर्मेलिन, म्हणजे मढी टिकवायचं रसायन, असल्याची बातमी आली तेव्हा अख्खा गोवा पेटला. बेळगावहून रोज घाट उतरणाऱ्या भाजीबद्दल मात्र कोणी ब्र काढत नाही. बांगडा आपला, दोडका परका! आणि काळजी केलीच तरी खाणाऱ्याची. फवारणारा कोणाच्या हिशेबात नाही, हेच मला आज सांगायचं होतं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो.

पॅराक्वाट हे तणनाशक. पोटात गेलं तर उतारा नाही. युरोपीय संघात २००७ पासून त्याच्या वापराला बंदी, पण इंग्लंडात हडर्सफील्डला ते बनत राहिलं आणि परदेशी जात राहिलं. रॉटरडॅम करार १९९८चा: त्याच्या यादीतलं रसायन पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाची संमती हवी. संमती सरकार देणार, पंपवाल्याला कोण विचारतो? युरोपात खास मर्यादा ठरलेली नसेल तर अन्नात कीटकनाशकाचा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच अंश चालतो. ताटाचा एवढा काटेकोर हिशेब! इकडे २०१७ साली यवतमाळात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. केरळात कासरगोडला तर काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान हे कीटकनाशक पडत होतं. सर्वोच्च न्यायालयाची देशभर बंदी आली २०११ साली. काजूवाल्यांनी, म्हणजे आपण, हे तरी लक्षात ठेवावं.

बंदी घातली की पीक बुडतं म्हणतात. श्रीलंकेनं १९९५च्या सुमारास सर्वांत जहाल कीटकनाशकं बंद केली. जीव द्यायला तेवढं जहाल विष हाताशी उरलं नाही; दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि भात पिकायचा तेवढा पिकत राहिला. तिथलीच २०२१ची शेतीतली सरसकट रसायनबंदी वेगळी. ती रातोरात आली आणि फसली. गल्लत नको.

आणि फक्त गोऱ्यांकडे बोट नको. कीटकनाशकांच्या मोठ्या निर्यातदारांत आपला भारतही आहे. त्याची टिपणं आणली होती, पण अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. चहाला बोलू.