रिकामा पाय

श्रोतेहो, नमस्कार.

चीनहून परत आल्यावर शेजारणीला सांगितलं, "तिकडे ताई-ची शिकले." तर ती म्हणते, "कुणाच्या ताईची?" मी हसले खरी, पण संथ हालचालींच्या या चिनी व्यायामाच्या नावाचा घोळ माझ्याही डोक्यात होताच. चिनी लोक प्राणशक्तीला 'ची' म्हणतात, तीच ही ची असणार, असं मी धरून चालले होते. तसं नाही. हे दोन शब्द वेगळे, लिहायचेही वेगळे. 'ताई-ची' म्हणजे आदितत्त्व म्हणा. काळ्यापांढऱ्याचं ते गोल चिन्ह असतं ना, ते त्याचंच. पूर्ण नावात पुढे 'छुआन' येतं, म्हणजे मूठ. थोडक्यात, ही मुळात लढायची विद्या. 17व्या शतकात हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात ती रुजली असं मानतात. आज चीनभर बागांमधून जो 24 आकृत्यांचा, म्हणजे ठरावीक हालचालींचा, क्रम चालतो, तो मात्र बराच अलीकडचा. 1956 साली तिथल्या सरकारी क्रीडा आयोगानं लोकांच्या तब्येतीसाठी तो बेतून दिला.

माझी मुलगी नोकरीनिमित्त ग्वांगझूला असते. तिनं सुट्टी काढली आणि मला दहा दिवस यांगशुओला नेलं. ग्वांगशी प्रांतातलं हे हौशी प्रवाशांचं गाव. चुनखडीचे डोंगर, एकेक सुटा, पानात वाढलेल्या भाताच्या मुदीसारखा, आणि मधून ली नदी. चीनच्या 20 युआनच्या नोटेमागे हीच नदी आहे. जवळच्या शिंगपिंगला लोक ती नोट हातात धरून, मागचा देखावा जुळवून फोटो काढत असतात. रात्री यांगशुओच्या मुख्य गल्लीत गाण्यांचा इतका दणदणाट, की आपल्याकडची वरात परवडली. पण पहाटे युलाँग नदीकाठी जावं. बांबूचे तराफे अजून काठाला बांधलेले, आणि आम्ही सात-आठ जण एका सत्तरीच्या बाईंसमोर उभे. त्यांना सगळे 'लाओशी' म्हणत, म्हणजे गुरुजी.

पहिला दिवस हातांतच गेला. ढगांसारखे हात, घोड्याची आयाळ विंचरणं, पंख पसरणारा पांढरा करकोचा... नावं अशी की शिकायच्या आधीच प्रेमात पडावं. मी हात छान फिरवत होते, निदान माझी तशी समजूत होती. लाओशी मात्र माझ्या हातांकडे बघतच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राचा एक तुकडा माझ्या डाव्या पावलाखाली सरकवला. मुलगी भाषांतर करत होती, "आई, पाय उचलू नकोस. नुसता रिकामा कर." मी माझ्या मते केला. त्यांनी कागद ओढला आणि तो फर्रकन फाटला.

सगळी मेख त्या फाटलेल्या कागदात होती. एका घागरीतलं पाणी दुसरीत ओतावं, तसं अंगाचं वजन एका पायातून दुसऱ्यात पूर्ण ओतायचं. आपण एरवी चालतो म्हणजे खरं तर पुढच्या पावलावर पडतो. तरुणपणी ते खपून जातं. साठीनंतर मोरीच्या उंबऱ्याशी नेमका तिथेच घात होतो. ताई-चीत पाऊल आधी रिकामंच टेकवायचं, मांजरीसारखं. जमीन निसरडी वाटली तर मागे घ्यायचं. खात्री पटली, की मग वजन द्यायचं.

त्या सारख्या 'सुंग, सुंग' म्हणायच्या. मुलगी म्हणाली, "रिलॅक्स कर म्हणतायत." मी केलं, तर मी अख्खीच लोंबले. लाओशी खळखळून हसल्या. आपल्याकडे सैल आणि ढिला असे दोन शब्द आहेत ते किती बरं! झोपाळ्याची कडी सैल फिरते, पण निखळलेली नसते. तसे खांदे, तशी कंबर. हे ध्यानात आलं त्या दिवशी वर्ग संपल्यावर पहिल्यांदाच माझी मान दुखत नव्हती.

आता फायद्याचं बोलते, फुगवून नाही. पार्किन्सनच्या 195 रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, 24 आठवडे. तोल सांभाळण्यात ताई-चीचा गट वजनांचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही सरस ठरला, आणि नुसतं अंग ताणणाऱ्यांपेक्षाही. पडण्याचं प्रमाण ताणणाऱ्यांपेक्षा कमी झालं. वजनं वापरणाऱ्यांच्या तुलनेत मात्र तसा फरक दिसला नाही. तेव्हा 'सर्व रोगांवर एकच उपाय' असं कुणी विकायला आलं तर चहा पाजून वाटेला लावा. आणि गुडघा जपा. तो पायाच्या बोटांच्या दिशेलाच वाकला पाहिजे. पाऊल जमिनीवर रोवलेलं ठेवून गुडघा पिळला, की दुखणं ओढवून घेतलंच. उभं राहून जमत नसेल तर खुर्चीची पाठ धरा. चक्कर येत असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दहा दिवसांत 24 आकृत्या काही पाठ झाल्या नाहीत, नऊपर्यंत पोचले. घरी आल्यावर रोज सकाळी गच्चीवर तेवढ्याच करते. कालचा पेपर आमच्या ह्यांच्या हातात असतो. उजव्या पायाखालून ते आता अख्खं पान ओढून काढतात. डाव्याखालचं अजून फाटतं, आणि नेमकं शब्दकोड्याचं पान असलं की घरात दिवसभर ऐकून घ्यावं लागतं.