टीबी झालेला नाही, मग टीबीच्या गोळ्या कशाला?

टीबी होऊ नये म्हणून ज्या ३ गोळ्या देतात ना, त्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात. एक वार ठरवायचा, जेवण झालं की घ्यायच्या, असे १२ आठवडे. घ्यायच्या कुणी, तर एचआयव्हीसोबत जगणाऱ्या पण टीबी न झालेल्या माणसाने, आणि घोडं अडतं ते इथंच.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, जिथे मिळतात अशा कुठल्याही सेंटरवर जा, हाच प्रश्न ऐकू येईल. मला खोकला नाही, वजन चांगलंय, व्हायरल लोड म्हणजे रक्तातला विषाणू दबलेलाय, रोजची एआरटीची गोळी कधी चुकवत नाही, मग ह्या आणखी कशाला? आणि त्याच्या मागे एक न बोललेली भीती पण असते, की घरात कोणाला पाकीट दिसलं तर काय सांगायचं, एक आजार लपवतानाच जीव मेटाकुटीला आलाय त्यात हे दुसरं. प्रश्न एकदम रास्त आहे, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं.

टीबीचा जंतू श्वासातून आत जातो आणि बऱ्याच जणांच्या अंगात नुसता पडून राहतो, वर्षानुवर्षं, काही त्रास नाही, दुसऱ्याला लागणही नाही. २०१९ ते २०२१ मध्ये आपल्या देशात जो मोठा सर्व्हे झाला त्यात १५ वर्षांवरच्या साधारण ३१ टक्के लोकांमध्ये असा संसर्ग दिसला. एचआयव्ही नसेल तर अशा १०० पैकी ५ ते १० जणांना आयुष्यात कधीतरी टीबी होतो. एचआयव्ही असेल आणि एआरटी चालू नसेल तर जवळपास तेवढेच दर वर्षाला. एआरटीने हा धोका खूप खाली येतो हे खरंय, पण एचआयव्ही नसलेल्या माणसाइतका खाली येत नाही, आणि २०२३ या एका वर्षात जगभरात एचआयव्ही असलेले सुमारे १ लाख ६१ हजार लोक टीबीने गेले.

आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजान शहरात दोन हजारांवर लोकांवर अभ्यास झाला, टेम्प्रानो नावाचा. ज्यांची सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या, बऱ्यापैकी चांगली होती अशा लोकांपैकी काहींना ६ महिने आयसोनियाझिड हे टीबीचं औषध दिलं, काहींना नाही, आणि पुढे साधारण ५ वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना दिलं त्यांच्यात मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी. एआरटी लवकर सुरू केलेली असो किंवा उशिरा, हा फायदा वेगळा मिळालाच. आपलं सगळं ठीक चाललंय असं वाटणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा कुणीतरी शांतपणे समोर बसवून सांगायला हवा असं मला फार वाटतं.

सुरू करायच्या आधी मात्र चार प्रश्न विचारतातच. खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घाम येतो का? एकाचंही उत्तर हो आलं तर आधी तपासणी, एक्स-रे, बेडका, तो बऱ्याच ठिकाणी ट्रूनॅट मशीनवर तपासतात जे आपल्या गोव्यातल्या कंपनीचं आहे. कारण टीबी खरंच चालू असेल आणि एवढ्याच गोळ्या दिल्या तर जंतू मरत नाही, उलट औषधाला दाद देईनासा होतो.

बऱ्याच जणांना अजूनही ६ महिने रोज एक आयसोनियाझिड आणि सोबत बी-सिक्स जीवनसत्त्व दिलं जातं, हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून. आठवड्यातून एकदाच्या कोर्समध्ये आयसोनियाझिडच्या जोडीला रिफापेंटिन हे दुसरं औषध असतं. हे फार महाग होतं, २०१९ मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी पूर्ण कोर्सची किंमत ४५ डॉलरवरून १५ वर आली, आणि मग मुंबईच्या मॅक्लिऑड्स कंपनीने दोन्ही औषधं एकाच गोळीत आणली, नाहीतर एका वेळेला ९ गोळ्या घ्याव्या लागायच्या.

ह्या गोळ्यांनी लघवी केशरी होते, त्याला घाबरून लोक कोर्स सोडून देतात, सोडू नका, ते औषधाच्या रंगाने होतं. पण मळमळ थांबत नसेल, जेवण जात नसेल, डोळे पिवळे दिसत असतील तर पुढची गोळी घ्यायची नाही, लगेच सेंटर गाठायचं, लिव्हरला त्रास झालेला असू शकतो. दारू तेवढे दिवस बंदच. ज्या ताई गर्भनिरोधक गोळ्या घेतात त्यांनी डॉक्टरांना आधी सांगायचं कारण रिफापेंटिनमुळे त्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. एआरटीत अटाझानाविर किंवा लोपिनाविर असेल तर हा कोर्स चालत नाही, रोजच्या आयसोनियाझिडचा चालतो.

पुढच्या वेळी एआरटी घ्यायला जाल तेव्हा समुपदेशकांना सरळ विचारा, माझा टीपीटीचा, म्हणजे टीबी टाळायच्या ह्या गोळ्यांचा, कोर्स झालाय का, नसेल तर का नाही. गोळ्या फुकट आहेत. आणि घरात कुणाला सध्या टीबी निघाला असेल तर तेही त्यांना तेव्हाच सांगा.