येझदी जॅम झाली? बोअर मारण्याआधी पिस्टन बघा

नमस्कार मंडळी. सोलापुरातून, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून. आवाज घुमत असेल तर सांभाळून घ्या, पंखा मुद्दाम बंद ठेवलाय.

(पिस्टन कॅमेऱ्याजवळ)

हा माझ्या येझदी 250 चा पिस्टन. 65 मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, 75 मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. म्हैसूरचा तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला, पण गाड्या अजून आपल्या हातात आहेत. मागच्या मे महिन्यात तुळजापूरच्या घाटात हा पिस्टन जॅम झाला, म्हणजे सिलिंडरमध्येच अडकून बसला. डबलसीट होतो, भर दुपार. मागचं चाक एकदम धरलं. क्लचवर बोटं होती म्हणून दोघं वाचलो.

आणि माझं खरं दुखणं वेगळंच आहे. त्याच्या तीन आठवडे आधीच याच बॅरलला, म्हणजे सिलिंडरला, बोअर मारून (आतून कातून मोठी करून) नवा पिस्टन बसवून घेतला होता, कारण आधीही गाडी अशीच जॅम झाली होती. ज्यांनी काम केलं ते म्हणाले, "रनिंगमध्ये पळवली असणार तुम्ही." म्हणजे नवा पिस्टन रुळायच्या आतच जोरात. मी पळवली नव्हती. पहिल्यांदा जॅम का झाली, हे कुणी बघितलंच नव्हतं. मीसुद्धा विचारलं नाही. जुना पिस्टन भंगारात गेला आणि त्याच्याबरोबर सगळा पुरावाही गेला.

म्हणून आज एकच गोष्ट सांगतोय: हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, उघडलं की पिस्टन पुसू नका. आहे तसा उजेडात धरा.

चार ठिकाणी उभे ओरखडे दिसले, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडते ती पिन) दोन्ही अंगांना दोन-दोन, तर पिस्टन बॅरलपेक्षा लवकर फुगला. पिनपाशी धातू जाड असतो, तिथे तो जास्त फुगतो. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा साधारण दुप्पट पसरतं. म्हणजे एकतर थंड इंजिन लगेच ताणलं, नाहीतर बोअर घट्ट राहिला. पिस्टन सगळीकडून कोरडा घासलेला, मळकट दिसला, तर तेल कमी पडलं. आणि आता माझा बघा.

(पिस्टन फिरवत)

मागची बाजू जवळजवळ नवी. ओरखडे फक्त पुढे, जिकडून धूर बाहेर जातो तिकडे. डोकं वरून राखेसारखं पांढरट. कड इथे बघा, उंदरानं कुरतडल्यासारखी. ही लीन मिक्स्चरची खूण आहे: पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि उष्णता मरणाची.

इथे शंभरातले नव्वद जण सांगतात, "तेल वाढव." कळकळीनं सांगतो, लीन गाडीला हे औषध नाही. तेल पेट्रोलमधूनच जातं आणि कार्ब्युरेटरमधल्या जेटचं, म्हणजे पेट्रोल ज्यातून येतं त्याचं, भोक तेवढंच राहतं. तेल वाढवलं की त्याच भोकातून पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिक्स्चर आणखी लीन होतं. मी लिटरला 40 मिली घालतो, 1:25. त्यात बदल केला नाही.

मग जास्तीची हवा कुठून आली? कार्ब साफ होता, जेट बरोबर होतं, प्लगच्या ठिणगीचं टायमिंग पुढे गेलेलं नव्हतं. उरलं लीकेज. ते शोधायला मी घरातलं रक्तदाब मोजायचं यंत्र वापरलं, काटा आणि रबरी फुगा असलेलं. हाच जॅम झालेला पिस्टन घालून बॅरल, हेड, प्लग बसवला. एक्झॉस्टची दोन्ही तोंडं रबरी बुचांनी बंद केली. इनटेकच्या बुचातून नळी आत घातली. पिस्टन वरच्या टोकाला ठेवायचा, म्हणजे इनटेकचं तोंड खाली क्रँककेसमध्ये, क्रँक फिरतो त्या पेटीत, उघडतं. फुगा दाबत काटा 250 वर नेला. हा दाब पाच पीएसआयच्या आसपास होतो, सीलला एवढा पुरे. जास्त भरू नका.

पाच मिनिटांत काटा जेमतेम हलायला हवा. माझा अर्ध्या मिनिटात शून्यावर.

साबणाचं पाणी घेऊन पॅकिंगपासून सुरुवात केली. काही नाही. मग उजव्या बाजूचा डायनॅमो काढला आणि क्रँकच्या टोकाच्या रबरी सीलवर ब्रश फिरवला. बारीक फेस यायला लागला. तो फेस बघून मी खालीच बसलो. दोन पिस्टन त्या रबरानं खाल्ले होते! सील बाहेर काढलं तर नख रुतेना, इतकं कडक.

एक लक्षात ठेवा. उजवं सील गेलं तर इंजिन हवा ओढतं आणि गाडी लीन होते. डावं गेलं तर प्रायमरीकडचं, म्हणजे क्लचच्या बाजूचं, तेल ओढतं, मग धुराचे लोट निघतात आणि गिअर ऑइल कमी होत जातं. दोन्ही सील एकदमच बदला.

आता बॅरल. आतल्या भिंतीवर चांदीसारखे पट्टे दिसतात ना, ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, दर वेळी बिडावरचे चरे असतीलच असं नाही. सुताच्या रंगाईत वापरतात तो कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, बिडाला धक्का लावत नाही. पाण्यात थोडा सोडा टाकायचा, सोड्यात पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच, उघड्यावर, मुलाबाळांपासून लांब. कापसाच्या बोळ्यानं पट्ट्यावर लावा, बुडबुडे थांबले की भरपूर पाण्यानं धुवा आणि लगेच तेलाचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. माझी भिंत खाली गुळगुळीत निघाली. वर, मध्ये, खाली, दोन-दोन दिशांनी माप घेतलं, फक्त होनिंग केलं, म्हणजे भिंत हलकी घासून घेतली, आणि त्याच साइजचा नवा पिस्टन चालला. एक ओव्हरसाइज, म्हणजे बोअर मारून मोठा पिस्टन घालायची एक पाळी, वाचली. त्या मोजक्याच असतात, बॅरल नवी कुठून आणणार?

बोअर मारावाच लागला तर काम घेताना पोर्टच्या, म्हणजे भिंतीतल्या तोंडांच्या, कडांवरून बोट फिरवा. बोटाला धार लागली तर रिंग तिथे अडकून तुटणार. कडा हलक्या मारून घ्या.

फिटिंगमध्ये रिंगेची गॅप आधी बॅरलमध्ये बघा. 65 च्या बोअरला पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. पिस्टनवरचा बाण पुढे, एक्झॉस्टकडे. गजन पिनची लॉकं नवीनच घाला, आणि तेव्हा क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा. लॉक आत पडलं तर अख्खं इंजिन खोलावं लागेल. रिंगेच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगेची दोन्ही टोकं तिच्या दोन बाजूंना यायला हवीत. बॅरल सरळ खाली उतरवा, पिळू नका. अडली तर ठोकू नका, वर घ्या आणि रिंग बघा.

हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. गाडी चालू करून गरम होऊ द्या, पूर्ण गार करा, परत आवळा. मी हे तीनदा केलं. मग सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, होटगी रोडनं वीस किलोमीटर, थ्रॉटल अर्ध्याच्या खाली.

परत येऊन प्लग काढला. हा बघा.

(प्लग कॅमेऱ्याजवळ)

चहाच्या रंगाचा. पुढच्या रविवारी तुळजापूरला निघतोय, तोच घाट, डबलसीट.