शीर सापडली की सांग

थर्माकोलचा डबा. आत बर्फाच्या पिशव्या, मधोमध रुमालात गुंडाळलेली एक कुपी. पहाटेच्या एसटीत हा डबा मांडीवर घेऊन तो पुण्याला आलाय. वय बावीस. हिमोफिलिया ए.

साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला होणारा हा आजार. रक्त गोठवणारा आठ नंबरचा फॅक्टर याच्या अंगात जवळपास नाहीच. लोकांना वाटतं, खरचटलं की धार लागते. खरा त्रास आत. रक्त सांध्यात साठतं. ही पोरं म्हणतात, ‘गुडघा भरला.’

दाराशी चपला-बुटांची रांग. एका बुटाची टाच दोन बोटं जाड आहे.

सतरंजीवर वीसेक जण बसलेत. कुपीतला तोच फॅक्टर स्वतःच्या शिरेत टोचायला शिकताहेत. शिकवणारा डॉक्टर नाही. तोही पेशंटच, सगळ्यांचा दादा. कुपी आधी फ्रीजच्या गारव्यातून बाहेर येऊ द्यायची. पावडरीत पाणी सोडायचं ते काचेच्या कडेनं. खळखळवायची नाही, तळहातांत अलगद फिरवायची. दंडाला पट्टा. मूठ घट्ट.

‘डोळ्यांनी शोधू नकोस, बोटानं चाचप.’

पहिली सुई चुकते. दुसऱ्या वेळी नळीत लाल रेघ चढते.

(इथे निवेदन नाही. फक्त हात.)

सिस्टरनं हे दोन मिनिटांत केलं असतं, कबूल. पण रात्री दोनला गुडघा भरला, तर सिस्टर असते तालुक्याला.

रुग्णांनीच रुग्णांसाठी उभं राहायचं, ही रीत जुनी. माँट्रियलचा उद्योजक फ्रँक श्नाबेल, स्वतः हिमोफिलियाचा रुग्ण. त्यानं १९६३ साली जागतिक महासंघ काढला. त्याचा वाढदिवस, १७ एप्रिल, हाच जागतिक हिमोफिलिया दिन. भारतातलं फेडरेशनही १९८३ साली एका रुग्णानंच सुरू केलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे. तरी नोकरीच्या मुलाखतीत आजार सांगायचा की लपवायचा, यावर जेवताना बराच वाद झाला, लग्नाचंही निघालं. कॅमेरा तेव्हा चार्जिंगला होता.

हे पुढचं चित्रण आमचं नाही. तीन आठवड्यांनी डबा घेऊन आलेल्या त्या पोरानंच मोबाइलवरून पाठवलं. व्हिडिओ कॉल, रात्रीचा पाऊण. समोरच्या मुलाचा चेहरा दिसत नाही, नुसतं कोपर आणि ट्यूबलाइटचा उजेड. कुणाची तरी आई टॉर्च धरून उभी आहे.

‘घाई नाही रे. मी आहे. शीर सापडली की सांग.’