एकशेवीस ग्रॅमचं पाकीट

(चोपडा इथल्या व्याख्यानमालेत जानेवारीत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जनुकीय पिकांचं सरकारी नियमन : कायदा, समित्या आणि न्यायालय’. न्यायालयापर्यंत आज पोचू की नाही, सांगता येत नाही. खान्देशात कापसावर बोलायला लागलं की वेळ कुणी विचारत नाही, सगळे भाव विचारतात. (हशा) पत्रिकेत खाली बारीक अक्षरात एक सूचनाही होती, की तपासणीसाठी कापसाचं पान किंवा सरकी आणावी. बऱ्याच जणांच्या पिशव्या दिसतायत. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

सुरुवात भरतापासून करतो, कारण बाहेर कुठे तरी वांगी भाजल्याचा वास येतोय. बीटी वांग्याला, म्हणजे अळी मारणारं विष तयार करणारं एका जिवाणूचं जनुक घातलेल्या वांग्याला, जीईएसी या केंद्रीय समितीने १४ ऑक्टोबर २००९ ला हिरवा कंदील दाखवला. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशात सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती दिली. ती आजही उठलेली नाही. शेजारच्या बांगलादेशात तेच वांगं २०१४ पासून शेतात आहे. सात शहरांत नागपूर होतं, बंगळूर होतं. ज्या जळगावच्या भरताच्या वांग्याला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं, ते जळगाव नव्हतं. भरतासोबतची कळण्याची पुरी न खाता वांग्याचा निकाल लावला, एवढी आपली तक्रार नोंदवून पुढे जाऊ.

वांग्याचं नाव काढलं ते एका कारणासाठी. वांग्याला परवानगी द्यावी की नाही, यावर सगळा देश भांडला. कापसाला २६ मार्च २००२ ला परवानगी मिळाली, तीन संकरित वाणांना, आणि त्या परवानगीला अटी होत्या. त्या अटींचं पुढे काय झालं यावर कोणी भांडलं नाही. आपलं नियमन दारावर उभं आहे. आत कोण आलं याची नोंद करतं, आत आलेल्याने घरात काय केलं ते बघत नाही. मला आज एवढंच सांगायचंय.

आधी कायदा दोन मिनिटांत. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, त्याखाली डिसेंबर १९८९ चे नियम. त्या नियमांच्या नावातच ‘धोकादायक सूक्ष्मजीव’ आहेत. म्हणजे डोळ्यासमोर होती कारखान्यातली टाकी, जिवाणू वाढवून औषध काढायची. पिकं नंतर त्याच चौकटीत बसवली. सहा समित्या. संस्थेतली जैवसुरक्षा समिती, मग जैवतंत्रज्ञान विभागाची आरसीजीएम ही संशोधनाचा आढावा घेणारी समिती, वर जीईएसी. २०१० पर्यंत तिच्या नावात ‘मान्यता’ हा शब्द होता, नंतर ‘मूल्यमापन’ झाला. म्हणजे सही मंत्र्याची, घाम समितीचा. आणि सगळ्यात खाली जिल्हा समिती. अध्यक्ष जिल्हाधिकारी. सदस्य बघा : कारखाना निरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी, आरोग्य अधिकारी, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, आणि त्यांच्यात एकटा जिल्हा कृषी अधिकारी. टाकीला गळती लागली तर ही मंडळी कामाची. बोंडातून अळी निघाली तर कारखाना निरीक्षकाने काय करायचं? (हशा)

आता पाकीट. २००२ च्या परवानगीत अट अशी होती : बीटी कापसाच्या भोवती त्याच वाणाचा बिगर बीटी कापूस लावायचा, पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढा. म्हणून पिशवीत ४५० ग्रॅम बीटी आणि सोबत १२० ग्रॅमचं बिगर बीटी पाकीट. ५७० मध्ये १२० म्हणजे २१ टक्के. हिशेब बरोबर दिसतो.

तो शेतात नेऊन बघू. एका एकराचा चौकोनी तुकडा धरा, बाजू साधारण २०९ फूट. चार फुटी सरी. पाच ओळी म्हणजे २० फूट. चारही बाजूंनी २० फूट सोडले की आत १६९ फुटांचा चौकोन उरतो, साधारण २८,५०० चौरस फूट. एकर असतो ४३,५६० चा. म्हणजे कडेला गेले ३५ टक्के! सरीच्या टोकाला ओळींऐवजी दोन-दोन फुटांवरची पाच झाडं मोजली तरी २७ टक्के होतात. पाकिटात बी २१ टक्क्यांचं. दहा एकरांचा सलग पट्टा असेल तर पाच ओळी १२ टक्क्यांत बसतात, मग २० टक्क्यांची अट लागू होते आणि पाकीट पुरतं. ही अट दहा एकरवाल्याच्या मापाने शिवली आणि एक-दोन एकरवाल्याला घालायला दिली.

बरं, अट कशासाठी ते सांगितलं असतं तरी चाललं असतं. बीटीच्या शेतात लाखातली एखादी अळी वाचते. वाचायला तिला आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून प्रतिकाराचं जनुक यावं लागतं. एकाच बाजूने आलं तर ती बीटी खाऊन मरते. आता सगळ्या शिवारात बीटीच असेल तर वाचलेल्या पतंगाला जोडीदार मिळणार तोही वाचलेलाच. भावकीतच सोयरीक. पोरं सगळी प्रतिकारवाली. म्हणून कडेला साधा कापूस लावायचा, तिथे साध्या अळ्या सुखाने वाढू द्यायच्या, त्यांचे पतंग उडून येतील आणि बाहेरगावची सोयरीक जमेल. त्या लग्नाची पोरं बीटीवर मरतात. पाच ओळी म्हणजे पाहुण्यांची पंगत होती, मंडळी!

शेतकऱ्याला हे न सांगता पाकीट दिलं. तो म्हणाला, पैसे मोजून बी घ्यायचं आणि पाचवा हिस्सा रानात अळी पाळायची? त्याचं काय चुकलं? कुणी पाकीट बांधावर फेकलं, कुणी दुकानातच ठेवलं, बहुतेकांनी नांग्या भरायला, म्हणजे न उगवलेल्या जागी लावायला, वापरलं. त्यातलं बी कधी उगवायचं नाही, कधी दहा दिवस मागे-पुढे फुलायचं, कधी चक्क बीटीच निघायचं. फुलोरा मागे-पुढे झाला की पतंगांची गाठच पडत नाही. लग्नाची तारीख चुकलेली. मग पाकिटात तूर देण्याची सोय झाली. हिरव्या बोंडअळीला तूर चालते, त्या हिशेबाने ठीक. पण गुलाबी अळी तुरीला तोंड लावत नाही, तिला कापूसच लागतो. म्हणजे जिच्यापासून धोका, तिच्या पंगतीत तिला न चालणारं पान वाढलं.

यातली गंमत ऐका. पुढे सरकारने वेगळं पाकीट बंद केलं आणि ४७५ ग्रॅमच्या एकाच पाकिटात ५ ते १० टक्के बिगर बीटी बी मिसळायला सांगितलं. गुलाबी अळी एका बोंडात शिरली की सहसा तिथेच मुक्काम करते, त्यामुळे तिच्यासाठी ही मिसळ सोयीची. म्हणजे वर्षानुवर्षं नांग्यांमध्ये ते १२० ग्रॅम टोचणारा शेतकरी पुढचा नियम आधीच पाळत होता आणि आपण त्याला अडाणी म्हणत होतो. (टाळ्या)

तोवर उशीर झाला होता. मार्च २०१० मध्ये गुजरातमधल्या गुलाबी अळीने पहिल्या जनुकाला, क्राय-१-एसीला, दाद देणं थांबवल्याचं जाहीर झालं. दुसरं जनुक घातलेलं बीजी-२ २००६ पासून होतं, तेही २०१५ च्या सुमारास गेलं. २०१७ ला महाराष्ट्रात काय झालं ते तुम्ही बोंडं फोडून पाहिलंय. हीच अळी, हीच जनुकं अमेरिकेत ॲरिझोनातही होती. तिथे राखीव क्षेत्र पाळलं, नंतर वांझ पतंग सोडले आणि २०१८ मध्ये देशातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. जनुकाला दोष देणाऱ्यांनी आणि जनुकाची आरती करणाऱ्यांनी, दोघांनीही हे लक्षात ठेवावं.

आणखी एक गोष्ट, जी एकाही समितीने वेळेवर विचारली नाही. जगात बहुतेक ठिकाणी बीटी सरळ, म्हणजे संकर नसलेल्या, वाणात आहे, आपल्याकडे संकरितात. संकरित झाडाला जनुक एकाच पालकाकडून येतं. झाडाच्या पानापानांत विष असतं, पण बोंडातल्या सरक्या म्हणजे पुढची पिढी, तिथे वाटण्या होतात. बीजी-२ मध्ये १६ सरक्या घ्या : ९ मध्ये दोन्ही जनुकं, ३ मध्ये एक, ३ मध्ये दुसरं, एकीत काहीच नाही. बोंडाच्या एका कप्प्यात सात-आठ सरक्या, चार कप्पे धरले तर तीसेक. म्हणजे दोनेक सरक्या अगदी बिनविषाच्या आणि दहा-अकरा अर्ध्या विषाच्या. गुलाबी अळीचं जेवणच सरकी आहे. प्रत्येक बोंडात तिच्यासाठी आपण विषाच्या चढत्या पायऱ्यांची शाळा काढली. परवानगीच्या कागदात पानातलं विष मोजलं होतं. अळी जेवते कुठे ते पाहायला हवं होतं.

त्यात आपली पद्धत. तापीकाठी ठिबकवर मेमध्ये लागवड आणि मागे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पाणी देऊन रानात ठेवायचं. पतंग पहिल्या पावसाच्या आसपास कोषातून निघतात. तेव्हा रानात पातं, म्हणजे कापसाची कळी, नसेल तर अंडी घालायला जागा मिळत नाही आणि ती पिढी फुकट जाते. मेच्या कापसाला ४०-४५ दिवसांत पातं येतं, नेमकं त्यांच्या स्वागताला. म्हणून गेल्या काही वर्षांत कृषी विभागाने १ जूनआधी बियाणं विकू नका, असे आदेश काढले. आदेशामागचं शास्त्र शंभर टक्के बरोबर. पण मध्य प्रदेशातलं सेंधवा, बऱ्हाणपूर आणि गुजरातमधलं निझर सीमेच्या पलीकडेच. मेमध्ये माणूस तिकडे गेला की त्याला फक्त लवकरचं बी मिळत नाही, बिनबिलाचं, बिननावाचं तणनाशक-सहनशील बीही मिळतं. त्या एचटीबीटीला परवानगी नाही. एका नियमाने माणसाला दुसऱ्या नियमाच्या मोडणीकडे ढकललं. शिवाय बिल नाही म्हणजे बी उगवलं नाही तरी तालुका तक्रार समितीकडे जाता येत नाही. पंचनाम्याला पावती लागते, पाकिटावरचं लेबल लागतं आणि थोडं शिल्लक बी लागतं.

शिक्षा काय? १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ५०० रुपयांपर्यंत. बीजी-२ च्या पाकिटाची कमाल किंमत २०२५ ला ९०१ रुपये. दंड अर्ध्या पाकिटाच्या आसपास! (हशा) पर्यावरण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती, ती २०२४ च्या एप्रिलपासून गेली, आता १० हजार ते १५ लाखांचा दंड आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. सात मिनिटं म्हणतायत, आधीच्या चिठ्ठीतही सातच होती.

तर ज्याचं आश्वासन छापलं होतं ते आता पळत पळत. न्यायालय : डीएमएच-११ या जनुकीय मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय परवानगी मिळाली. २३ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. दोघांचं एकमत झालं ते राष्ट्रीय धोरण हवं यावर. जनुक संपादन, म्हणजे पिकाच्या स्वतःच्या जनुकात बदल : बाहेरचं जनुक शेवटी शिल्लक राहत नसेल तर अशा पिकांना मार्च २०२२ पासून १९८९ च्या नियमांतल्या बऱ्याच तरतुदींतून सूट आहे. मे २०२५ मध्ये अशा दोन भातजाती जाहीर झाल्या. ही सूट मला पटते. पण दारावरचा पहारा जितका सैल करू, तितकी आतली नजर वाढवावी लागेल, आणि ती नजर अजून नेमलेलीच नाही.

ती कशी नेमायची? जिल्हा समितीची बैठक मार्चमध्ये घ्या, मागच्या हंगामातले तालुकावार कामगंध सापळ्यांचे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग पकडणाऱ्या सापळ्यांचे, आकडे समोर ठेवून. हेक्टरी पाच सापळे, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग म्हणजे फवारणीची वेळ. किंवा वीस हिरवी बोंडं फोडा, दोनमध्ये अळी म्हणजे तेच. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, दिसतील तशा तोडून नष्ट करा. ही माहिती गावागावात कुणी ना कुणी गोळा करतो, ती वर जाते आणि तिथेच राहते. विक्रीची तारीख तिन्ही राज्यांच्या सीमेवर एकच ठेवा, नाहीतर ठेवूच नका. कमी दिवसांच्या सरळ वाणांत, जिथे प्रत्येक सरकीत जनुक असतं, पुढची परवानगी द्या. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सरळ वाणात बीटी आणून दाखवलंय. आणि परवानगीच्या अटीत ‘शेतकऱ्याने’ हा शब्द आला की ती अट आधी एका एकरावर दोरी धरून मोजून बघा.

संपलं. आता टेबलाकडे. नखाएवढा पानाचा तुकडा किंवा भिजवून टरफल काढलेली एक सरकी नळीत ठेचायची, अर्धा मिली द्रावण घालायचं, पट्टी बाणाची बाजू खाली करून बुडवायची आणि दहा मिनिटं थांबायचं. दोन रेघा आल्या तर त्या जनुकाचं प्रथिन आहे, एक आली तर नाही, एकही नाही तर पट्टीच खराब. क्राय-१-एसीची पट्टी वेगळी, एचटीबीटीची वेगळी. नाव लिहायची गरज नाही, पिशवीवर फक्त आकडा टाका.

फक्त एक विचारतो. सरकी आणलेले हात वर करा. बारा-तेरा. आणि पानं? बाप रे. मंडळी, जानेवारी अर्धा सरलाय, आणि पानं हिरवीगार आहेत.